तुम्ही हिणवलंत म्हणून आईनं लपवलं : मराठवाड्यातील दंतवैद्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील सर्व दंतवैद्य, दंत महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि दंतवैद्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वैद्यकाचं शिक्षण मी घेतलेलं नाही. तरी तुमच्या कामाबद्दल तुम्हालाच लिहायला बसले आहे, कारण प्रकरण माझ्या आईच्या जिवावर बेतता बेतता राहिलं. ते होऊन गेल्यावर मी तुमच्याच व्यवसायातल्या एका स्थानिक पदाधिकाऱ्यांना फोन करून विनंती केली की, या विषयावर तुमच्या बैठकीत एखादं व्याख्यान ठेवा. उत्तर मिळालं, "मॅडम, हा आमचा विषयच नाही. आणि आम्ही यावर बोललो तर लोकांना उलट प्रोत्साहन मिळेल." हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. कोणाचं नाव घेणार नाही. एका माणसाला शिक्षा व्हावी असा माझा हेतू नाही, सगळ्यांची पद्धत बदलावी असा आहे.

विषय आहे सीबीडीचा, म्हणजे गांजा-भांगेच्या झाडातून मिळणाऱ्या कॅनाबिडिऑल या द्रव्याचा. आपल्याकडे ते बहुतेक वेळा विजया तेल म्हणून आयुर्वेदिक परवान्यावर मिळतं.

आईच्या हृदयाची झडप बदललेली आहे. रक्त गोठू नये म्हणून तिला रोज गोळी घ्यावी लागते आणि ठरावीक दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा, तपासावा लागतो. तो वाढला की रक्त लवकर थांबत नाही. या गोळीमुळे नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या तिला बंद आहेत. गावात दाढ दुखली की लोक मेडिकलवरून जी गोळी आणून जिभेखाली धरतात, ती आईसाठी पोटात रक्तस्राव करणारी ठरू शकते. राहतं काय, तर पॅरासिटामॉल. आणि आईचा जबड्याचा सांधा गेली काही वर्षं दुखतो. तोंड उघडलं की कानापुढं कट्‌कन वाजतं, सकाळी उठल्यावर गाल दगडासारखे झालेले असतात, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय तिला खाता येत नाही. पॅरासिटामॉलनं हे दुखणं भागेना, तेव्हा लातूरच्या एका वैद्यांनी रीतसर तपासून, चिठ्ठी लिहून विजया तेलाचे थेंब दिले. हृदयाच्या डॉक्टरांना आम्ही बाटली दाखवली. त्यांनी एवढंच सांगितलं की घ्यायचे तर घ्या, पण आयएनआर लवकर लवकर तपासत जा, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी हे सांगा.

तिनं सांगितलं. खालची दाढ किडून मुळाशी पू झाला, तेव्हा भाऊ तिला तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात घेऊन गेला. कोणकोणती औषधं चालू आहेत, असं विचारल्यावर आईनं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली आणि त्यासोबत ती तपकिरी काचेची, रबरी ड्रॉपरची बाटलीही टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी लेबल वाचलं. दार उघडं होतं, बाहेर बाकावर माणसं बसलेली होती.

"मावशी, हा तर गांजा आहे. नशा करून इथं यायचं नाही. आधी हे बंद करा, मग बघू."

"माळकरी हाय मी साहेब," आई म्हणाली.

त्यावर कोणीतरी हसलं. थेंब किती घेता, कशासाठी घेता, कोणी दिले, शेवटचा आयएनआर किती होता, यातलं काहीही न विचारता तिला खुर्चीवरून उठवलं. पू झालेली दाढ घेऊन ती घरी आली.

नंतर वहिनी तिला दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेली. हे डॉक्टर सज्जन. झडप बदललेली आहे म्हटल्यावर दाढ काढण्याआधी द्यायचं प्रतिजैविक त्यांनी आठवणीनं दिलं, आयएनआरचा कागद मागून पाहिला. आकडा मर्यादेत होता. पण तो कागद वैद्यांनी थेंब वाढवण्याच्या आधीचा होता, आणि थेंबांचं आईनं त्यांना सांगितलंच नाही. डॉक्टरांनी समोर असलेल्या माहितीवर योग्य तेच केलं. त्या रात्री रक्त थांबेना. कापसाचे बोळे, टॉवेल, उशीची खोळ सगळं भिजलं. भावानं रात्रीच गाडी करून तिला नेलं, टाके घातले तेव्हा कुठं थांबलं. दुसऱ्या दिवशी आयएनआर वाढलेला निघाला.

का लपवलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "चार मान्सांत गंजेडी केलं गं मला. पुन्हा कशाला सांगू?"

तो रक्तस्राव थेंबांमुळेच झाला, असा माझा दावा नाही. प्रतिजैविकानंही आयएनआर वाढू शकतो, दुखण्यामुळे खाणं कमी झालं तरी वाढू शकतो. माझी तक्रार इतकीच आहे की, हा प्रश्न विचारायची संधी तुमच्या व्यवसायाला एकदा मिळाली होती, रुग्णानं ती स्वतः हातात आणून ठेवली होती, आणि ती अपमान करून घालवली.

आता तक्रारी एकेक करून लिहिते.

पहिली, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी. तुम्ही विचारत नाही. तुमच्या केस पेपरवर साखर असते, रक्तदाब असतो, अॅलर्जी असते, तंबाखू-गुटखा असतो. आयुर्वेदिक औषधांचा रकाना क्वचित दिसतो, आणि विजया किंवा सीबीडीचा मी आजवर कुठेच पाहिला नाही. वास्तविक हे द्रव्य तुमच्या रोजच्या औषधांच्या वाटेत येतं. सीबीडीमुळे यकृतातली काही विकरं (एन्झाइम) मंदावतात. त्यातल्या एकाचं नाव सीवायपी२सी१९. भीती वाटणाऱ्या रुग्णाला किंवा जबड्याचे स्नायू आखडलेल्याला तुम्ही डायझेपाम देता, ते शरीराबाहेर टाकण्यात याच विकराचा हात असतो. विकर मंदावलं तर नेहमीच्या डोसानं रुग्णाला जास्त गुंगी येऊ शकते. उलट बाजूनं, तोंडातल्या बुरशीसाठी दिलं जाणारं फ्लुकोनाझोल आणि संसर्गासाठीचं क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधं सीबीडीचं विघटन रोखून त्याची रक्तातली पातळी वाढवू शकतात. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या एका रुग्णाला अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी, सीबीडी सुरू केल्यावर आयएनआर चढत गेला आणि वॉरफरिनचा डोस कमी करावा लागला, अशी नोंद २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली आहे. रक्त पातळ करणारी गोळी आणि दाढ काढणं या दोन गोष्टी एकत्र येतात त्या तुमच्याच खुर्चीत. मग हा तुमचा विषय नाही, असं कसं म्हणता?

आपल्या भागात झडपेचे रुग्ण दुर्मीळ नाहीत. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, पुढे झडप खराब झाली, ही कथा बीड-जालना-परभणीच्या कितीतरी घरांत आहे. अपस्माराची मुलंही आहेत. यातल्या कोणाच्या घरी ती तपकिरी बाटली आहे, हे विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

दुसरी तक्रार. गांजा, भांग, विजया तेल आणि सीबीडी हे सगळं तुम्ही एकाच पोत्यात भरता. वनस्पती एकच आहे हे खरं. पण नशा आणणारं मुख्य द्रव्य टीएचसी. सीबीडी १९४० मध्येच वेगळं काढलं गेलं, त्याची रचना इस्रायली रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांच्या गटानं १९६३ मध्ये उलगडली आणि टीएचसी त्याच गटानं १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळवलं. दोन्ही रेणूंचं सूत्र एकच, रचना वेगळी, शरीरावरचा परिणाम वेगळा. दहावीच्या मुलांना मी समघटक शिकवते तेव्हा हे उदाहरण त्यांना लगेच समजतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं २०१८ मध्ये तपासणी करून सांगितलं की शुद्ध सीबीडीची सवय लागते किंवा त्याचा नशेसाठी गैरवापर होतो, असा पुरावा दिसत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अपस्माराच्या दोन गंभीर प्रकारांसाठी सीबीडीच्या द्रावणाला, एपिडिओलेक्सला, मान्यता दिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, आणि त्या २७ मध्ये भारताचं मत होतं.

कायद्याचंही तसंच. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ मध्ये गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. आयुर्वेदिक औषधांसाठी भांग ही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली, १९४५ च्या अनुसूची ई(१) मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत नोंदलेली आहे. म्हणजे ती वापरता येते, पण वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे असा इशारा लेबलावर छापावा लागतो. आईच्या बाटलीवर तो इशारा होता. देखरेख करायची ती डॉक्टरांनी, आणि डॉक्टरांनीच बाटली बाजूला सारली.

हे थेंब निरुपद्रवी आहेत, असं मात्र मी मुळीच म्हणत नाही, आणि कोणी म्हणत असेल तर त्याला माझा विरोध आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ विजया तेलांत सीबीडीबरोबर टीएचसीही असतं. लेबलावर लिहिलेलं बाटलीत असेलच, याची खात्री नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, त्याचा अहवाल २०१७ मध्ये छापून आला. लेबल आणि आतला माल जुळला तो ३१ टक्के उत्पादनांत, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. आपल्याकडे चित्र याहून चांगलं असेल असं मानायला मला तरी आधार दिसत नाही. शिवाय सीबीडीनं यकृताची विकरं वाढू शकतात, झोप येते, जुलाब होतात, भूक मंदावते. म्हणूनच तर तुम्हाला माहीत हवं. द्रव्य पूर्ण निर्धोक असतं तर तुम्ही विचारलं काय न् न विचारलं काय, फरक पडला नसता.

तिसरी तक्रार अभ्यासाबद्दल आहे. तुमच्यापैकी एकानं मला सांगितलं की, दातांशी याचा काही संबंध नाही, संशोधन नाही. संशोधन थोडं आहे, पण आहे. पोलंडमध्ये जबड्याच्या स्नायूंच्या दुखण्याचे ६० रुग्ण घेऊन २०१९ मध्ये एक चाचणी छापून आली. अर्ध्यांना गालाच्या स्नायूंवर चोळायला सीबीडीचं मलम, अर्ध्यांना तसंच दिसणारं बिनऔषधी मलम, १४ दिवस. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. सीबीडीच्या गटात दुखणं सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं, दुसऱ्या गटात जेमतेम १० टक्क्यांनी. पुढे अमेरिकेत दातदुखीनं तळमळत आलेल्या ६१ रुग्णांवर चाचणी झाली आणि ती जर्नल ऑफ डेंटल रिसर्चमध्ये आली. वजनाच्या दर किलोमागे १० किंवा २० मिलिग्रॅम सीबीडी एकदाच दिलं. दोन्ही गटांत दुखणं उतरलं, चावण्याची ताकदही वाढली. झोप, जुलाब आणि पोटदुखीही त्याच गटांत जास्त दिसली.

या दोन चाचण्यांवरून उद्यापासून सीबीडी लिहून द्या, असं मी म्हणणार नाही. चाचण्या लहान आहेत, मुदत थोडी आहे. आणि साधा हिशेब करून बघा: पन्नास किलोच्या बाईला किलोमागे १० मिलिग्रॅम म्हणजे एका वेळी ५०० मिलिग्रॅम झाले. आईच्या दिवसभराच्या थेंबांत त्याच्या आसपासही सीबीडी जात नाही. म्हणजे त्या अभ्यासाच्या नावावर थेंब विकणारा माणूस लोकांना फसवतो आहे. हे सांगणारं तज्ज्ञ तोंड समाजात असायला हवं. ते तुमचं असायला हवं होतं. एका शाळेच्या बाईनं रात्री जागून हे वाचावं आणि ज्यांनी पाच वर्षं दातांचं शिक्षण घेतलं त्यांनी विषय कानाआड करावा, हे मला पटत नाही.

आणि नशेच्या झाडाचं नाव ऐकून अंग चोरणं तुमच्या व्यवसायाच्या इतिहासाला धरून नाही. १८८४ मध्ये डोळ्यांचे डॉक्टर कार्ल कोलर यांनी व्हिएन्नात कोकेननं डोळा बधिर करून दाखवला. त्यानंतर लवकरच शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी अमेरिकेत खालच्या जबड्याची नस कोकेननं बधिर केली. खालची दाढ काढताना आजही सुई त्याच नसेपाशी जाते. हॉलस्टेड स्वतः त्या कोकेनच्या व्यसनात सापडले. तरी त्या काळच्या लोकांनी कोकाच्या पानाचं नाव घेणाऱ्याला दवाखान्याबाहेर काढून विषय संपवला नाही. काय उपयोगी, काय घातक, हे त्यांनी तपासलं. १९०५ च्या सुमारास कोकेनच्या जागी बधिर करणारं प्रोकेन आलं, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन बनवलं, आणि आज केजच्या दवाखान्यातसुद्धा दाढ न दुखवता निघते. रोज हातात लागणारं लवंगेचं तेल तरी कुठून आलं? झाडांशी तुमचं वैर नाही. या एका झाडाबद्दल मात्र तुम्ही विचार करणंच थांबवलं आहे.

चौथी. तुम्ही गप्प राहता, म्हणून बोलणारे दुसरेच आहेत. मराठवाड्यात गुटख्यानं किती तोंडं बंद केली, हे तुम्हाला मी काय सांगू. राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि माझ्या शाळेच्या मागच्या भिंतीशी रोज सकाळी पुड्या सापडतात. बोटभरही तोंड उघडत नाही अशी विशी-पंचविशीची पोरं तुमच्याकडे येतात. त्यांच्यातल्या काहींना पुढे कर्करोगाचं निदान होतं, आणि ते निदान करणारा पहिला डोळा पुष्कळदा तुमचाच असतो, याबद्दल मला खरोखर आदर आहे. पण त्याच पोरांच्या फोनवर विजया तेलानं तोंडाचा कर्करोग बरा होतो, असे व्हिडिओ फिरत आहेत. आमच्या शेजारच्या वस्तीवर एका घरानं शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलून तेलाच्या बाटल्या मागवल्या. सीबीडीनं माणसाचा तोंडाचा कर्करोग बरा होतो याला पुरावा नाही, हे त्यांना स्पष्ट सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. दंतवैद्याला विचारलंत का, असं मी म्हटलं. म्हणाले, तिथं नाव काढलं तर ओरडतात.

जिथं ओरडा बसतो तिथं माणूस प्रश्न विचारायला जात नाही. मग तो जिथं गोड बोललं जातं तिथं जातो, आणि गोड बोलणाऱ्याला बाटली विकायची असते.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. तालुक्याच्या गावी एकट्यानं दवाखाना चालवायचा, खुर्चीचं कर्ज फेडायचं, त्यात कोणी गांजाचं नाव काढलं की पोलिसांचं झेंगट नको वाटतं. अभ्यासक्रमात हे कोणी नीट शिकवलं नाही, कायदा सरळ समजेल असा नाही. नशेत तर्र होऊन येणारे रुग्णही तुम्हाला भेटत असतील. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत निम्म्याहून जास्त दंतवैद्यांनी सांगितलं होतं की, रुग्ण नशा करून येतात. तिथल्या संघटनेनं मात्र हा आमचा विषय नाही, असं म्हटलं नाही. रुग्णाशी याबद्दल मोकळेपणानं बोला, उपचाराआधी विचारा, हेच आपल्या सभासदांना सांगितलं. ऑस्ट्रेलियात तर फेब्रुवारी २०२१ पासून कमी मात्रेचं, दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंतचं सीबीडी फार्मासिस्टकडून चिठ्ठीशिवाय देता यावं, असा नियम केला गेला. तिथल्या दंतवैद्यांना यावर आपलं मत बनवावंच लागणार. तुम्हालाही आज ना उद्या बनवावं लागेल, कारण कुरिअर केजपर्यंत येतं.

आता मागण्या. एकही खर्चिक नाही.

१. केस पेपरवर एक ओळ वाढवा : "आयुर्वेदिक, घरगुती, भांगेचं, विजया किंवा सीबीडीचं काही घेता का? कोणी दिलं, किती, कधीपासून?" हा प्रश्न सरसकट सगळ्यांना विचारा, म्हणजे कोणाला आपल्यावरच संशय घेतला असं वाटणार नाही. आणि दार लावून विचारा. खेड्यातल्या बाईला बाहेरच्या बाकावरच्या माणसांसमोर हे सांगता येत नाही.

२. सांगणाऱ्याचा अपमान करू नका, आणि पू झालेली दाढ घेऊन आलेल्या माणसाला नुसतं परत पाठवू नका. रुग्ण खरोखरच नशेत असेल आणि काम तातडीचं नसेल तर पुढची तारीख द्या, कारण सांगा. वैद्यांच्या चिठ्ठीवर थेंब घेणारी म्हातारी आणि नशेत आलेला तरुण यांना एकच वागणूक देऊ नका. दवाखान्यात सांगितलेली गोष्ट गावात जाणार नाही, याचीही हमी द्या.

३. रक्त पातळ करणारी गोळी किंवा अपस्माराची औषधं घेणारा रुग्ण सीबीडी घेत असेल, तर दाढ काढण्याआधी ताजा आयएनआर मागा आणि त्याच्या मूळ डॉक्टरांना एक फोन करा. थेंब बंद करायचे का, कधी, हे त्यांच्याशी बोलून ठरवा. अपस्माराच्या मुलाचे थेंब "आधी बंद करा, मग या" असं सांगून अचानक तोडले तर त्याला झटके येऊ शकतात, एवढं तरी ध्यानात ठेवा.

४. दंत महाविद्यालयांनी औषधशास्त्राच्या शिकवण्यात या विषयाला निदान एक तास द्यावा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, नांदेड आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. विजया माहीत असलेले आणि जबडा माहीत असलेले लोक याच आठ जिल्ह्यांत आहेत, त्यांना एका टेबलाभोवती बसवा. सुरुवात म्हणून मराठवाड्यातल्या दंतवैद्यांना सीबीडीबद्दल काय माहीत आहे, काय वाटतं आणि किती रुग्ण ते घेतात, याची पाहणी करा. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी हा विषय देता येईल. नंतर नैतिक समितीची परवानगी घेऊन जबड्याच्या दुखण्यावर चाचणी करा. उपयोग नाही असं निघालं तर तसं छापा. आम्ही ते वाचू आणि गावात सांगूही.

५. संघटनांनी सोप्या मराठीत एक पानी पत्रक काढून प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावावं. त्यात तीन गोष्टी ठळक असाव्यात : थेंब घेत असाल तर आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही. कर्करोग यानं बरा होत नाही, उपचार थांबवू नका. वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय आणि ऑनलाइन जाहिरात बघून घेऊ नका. सोबतच अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी मागणी करा की बाजारातल्या विजया तेलांचे नमुने तपासून सीबीडी आणि टीएचसीचं प्रमाण जाहीर करावं. तुमच्या लेटरहेडवरच्या पत्राला जेवढं वजन आहे तेवढं माझ्या अर्जाला नाही.

सीबीडी लिहून द्या, असं या यादीत कुठेही नाही, हे कृपया ध्यानात घ्यावं. ते लिहून देणं तुमच्या अधिकारात बसत नाही, आणि पुरावाही अजून तेवढा नाही. घेणाऱ्याला विचारा, त्याचं ऐकून घ्या आणि त्याप्रमाणे जपून उपचार करा, एवढीच मागणी आहे.

आईच्या वरच्या एका दाढेचं काम अजून राहिलं आहे. तिला कुठं न्यायचं, हे आम्ही ठरवलेलं नाही. जे दंतवैद्य पहिली मागणी मान्य करून केस पेपरवर ती ओळ छापतील, त्यांनी कळवावं. तिथं तिला नेऊच, आणि आमच्या पंचक्रोशीत थेंब घेणाऱ्या बाकीच्यांनाही त्यांचाच पत्ता देऊ.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती की हे पत्र तुमच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवावं आणि पाच मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती अमान्य, हे कारणांसह जाहीरपणे सांगावं. बोलावलंत तर कुठल्याही रविवारी येईन. आईचे आयएनआरचे सगळे कागद, वैद्यांची चिठ्ठी आणि ती बाटली सोबत आणेन.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका
ता. केज, जि. बीड